शांततेच्या आराखड्यात धर्माबादची बाई कुठे?

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. जुलै 2010 मध्ये याच बंधाऱ्याच्या वादातून आंध्र प्रदेशचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना धर्माबादेत ताब्यात घेतले गेले आणि महाराष्ट्र-आंध्र सीमेच्या दोन्ही अंगांना वातावरण तापले. फेब्रुवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे, 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे आणि देखरेखीला त्रिसदस्यीय समिती. तारीख, प्रमाण आणि जबाबदारी ठरली, तेव्हा वादाला बांध बसला.

महिला आणि शांतता या विषयातही नेमकी हीच गरज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 31 ऑक्टोबर 2000 रोजी 1325 क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. शांततेच्या निर्णयांत महिलांचा सहभाग, हिंसेपासून संरक्षण, संघर्षाला वेळीच आळा आणि मदत-पुनर्वसन अशा चार अंगांनी तो राबवला जातो. त्यासाठी देश राष्ट्रीय कृती आराखडा करतात. कोणते खाते काय करणार, कधीपर्यंत करणार आणि पैसा कुठून येणार, हे त्यात लिहिलेले असावे लागते. 2005 मध्ये डेन्मार्कने पहिला आराखडा केला. पुढे 2011 मध्ये नेपाळने आणि 2019 मध्ये बांगलादेशाने केला. आज असे देश शंभरावर आहेत.

भारताचा असा आराखडा नाही. कर्तृत्वाची मात्र वाण नाही. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी लायबेरियात गेली, ती भारताचीच.

महाराष्ट्राकडे तर या कामाची साधनेही आहेत. राज्याने 1994 मध्ये महिला धोरण आणले, तर 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा दिल्या. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी, असा कायदा आहे. तंटामुक्त गाव मोहीम 2007 पासूनची. दारूदुकानाविरुद्ध बायकांनी मागणी केली, तर ते बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’ या चिन्हावर मतदानाची तरतूदही आहे.

ही साधने विखुरलेली आहेत. एक पोलिसांकडे, दुसरे ग्रामविकासाकडे, तिसरे उत्पादन शुल्क खात्याकडे. महिला ग्रामसभेत कुणी मारहाणीची, गावठी दारूची किंवा पाण्यावरून पेटू पाहणाऱ्या भांडणाची गोष्ट मांडली, तर ती ठाण्यापर्यंत कोण नेणार? उत्तर किती दिवसांत मिळणार? भांडणाची चाहूल पाणवठ्यावर आणि शेतात आधी लागते. तिथे राबणाऱ्या बाईचे म्हणणे वेळेत ऐकले गेले, तर पुढचा पोलीस बंदोबस्त टळू शकतो.

म्हणून देशाचा आराखडा व्हायला हवा आणि तो सीमेवरच्या सैन्यापुरता नसावा. महिला ग्रामसभेच्या ठरावावर ठाण्याने ठराविक मुदतीत लेखी उत्तर द्यावे, तंटामुक्त समितीत महिलांना निर्णयाचा अधिकार असावा आणि या कामाचा खर्च जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दिसावा. दोन राज्यांच्या पाण्यासाठी तारखा ठरवता येतात, तर बायकांच्या शब्दाला उत्तर देण्याची तारीखही सरकारला ठरवता येईल. ती ठरवण्याची मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी.