दूध किती देतंय?

भैरू आठ महिन्यांचा असताना आमच्या दूधवाल्या मामांनी त्याला पहिल्यांदा फाटकापाशी उभा राहिलेला बघितला. त्यांनी मोटरसायकल स्टँडला लावली, कॅन खाली ठेवला, दोन पावलं मागं सरकले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सायेब, दूध किती देतंय?" कोल्हापुरात चेष्टा करताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नसते. मीही हलू दिली नाही. म्हटलं, "अजून व्यालं नाही."

भैरू ग्रेट डेन आहे. या जातीच्या नराची खांद्यापाशी उंची 80 ते 90 सेंटिमीटर असावी असं जर्मन माप सांगतं. भैरू 84 भरला आणि वजन 62 किलो. जेवणाच्या टेबलावर हनुवटी टेकवायला त्याला मान वर करावी लागत नाही. नावात 'डेन' असलं तरी डेन्मार्कशी या कुत्र्याचा संबंध नाही. अठराव्या शतकात ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं त्याला 'डॅनिश' म्हटलं, इंग्रजांनी ते उचललं आणि चूक कायमची चिकटली. जात जर्मनीतली, रानडुकराच्या शिकारीसाठी घडवलेली. तिथं ती आजही 'डॉइचे डोगं' म्हणूनच ओळखली जाते. आमच्या आईला या इतिहासापेक्षा नावाची काळजी जास्त होती. देवाचं नाव कुत्र्याला कसं द्यायचं? दोन दिवसांनी तिनंच मार्ग काढला: भैरवाचं वाहन कुत्राच, मग वाहनाला धन्याच्या नावानं हाक मारली तर बिघडलं कुठं.

रस्त्यात लोक तीन प्रश्न विचारतात. चावतं का, खातं किती आणि कितीला घेतलं. एवढ्या वर्षांत चौथा प्रश्न, जो खरा विचारायला हवा, तो कुणीच विचारलेला नाही.

खाण्याचं उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. दिवसाला पाऊण किलोच्या आसपास कोरडं खाणं, दोन वेळांत वाटून. कधी त्यातलं थोडं कमी करून उकडलेलं चिकन-भात. माणसं रोज बकरं पडत असल्याच्या तयारीनं ऐकत असतात. खरा खर्च औषधाच्या दुकानात होतो, कारण तिथं सगळं किलोवर चालतं. जंताची गोळी दहा किलोला एक. शेजारच्या पॉमेरेनियनला अर्धी पुरते, भैरूला सहा लागतात. गोचिडांचं औषध, प्रतिजैविकं, भूल, सगळ्याचा हिशेब तसाच. मोठं कुत्रं घेताना पिल्लाच्या किमतीवर घासाघीस करणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करून बघावा.

पण पहिल्या वर्षात पैशापेक्षा घात करतो तो आपला शहाणपणा. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि वर्षाच्या आत पन्नास किलोच्या घरात जातं. माणसाचं पोर अठरा वर्षांत वीसपट वाढतं. हे एका वर्षात सत्तर-ऐंशीपट. इतकी हाडं वाढायची तर कॅल्शियम द्यायलाच पाहिजे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. दुकानदारानं बाटली दिली, मेहुण्यानं दुसरी आणली आणि मी दोन महिने चमच्यानं सिरप पाजत राहिलो. डॉक्टरांनी पुढचे पाय बघितले, मनगटाशी सुजल्यासारखे आणि किंचित बाहेर वळलेले, आणि विचारलं, "काय काय देताय?" मी अभिमानानं यादी सांगितली. असं बोलणं मी शाळा सुटल्यापासून खाल्लं नव्हतं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात 1980 च्या दशकात हाच प्रयोग झाला होता आणि तोही ग्रेट डेनच्याच पिल्लांवर. जास्तीचं कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडं बिघडली. मोठ्या कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम आत घेत नाही. कोवळ्या पिल्लाला तो दरवाजा नीट लावता येत नाही, येईल ते आत जातं. मग कूर्चेचं हाड होण्याचं वेळापत्रक चुकतं आणि पाय वाकतात. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला सावकाश वाढवायचं असतं: अंगानं बारीक ठेवायचं, जिने चढवायचे नाहीत, गाडीतून उडी मारू द्यायची नाही. आपल्याकडं गुबगुबीत पोर म्हणजे नीट सांभाळलेलं पोर. त्यामुळे ज्याच्या बरगड्या हाताला लागतात असं पिल्लू बघून सगळी गल्ली आम्हाला कंजूष समजत होती.

भैरूचे पाय सरळ झाले. घर मात्र वाकडं झालं. चकचकीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकायचे, म्हणून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सतरंज्या आल्या आणि घराला मंगल कार्यालयाची कळा आली. मधलं टीपॉय गेलं, कारण त्याची शेपूट बरोबर कपबशीच्या उंचीवर हलते. ती शेपूट आनंदानं भिंतीवर, दाराच्या चौकटीवर इतकी आपटते की टोक फुटतं आणि ते फुटलेलं टोकही आनंदानं हलतच राहतं. आमच्या बैठकीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत रक्ताचे शिंतोडे असलेला एक महिना होता. गॅसवाल्यानं सिलिंडर दारातच ठेवला आणि सुट्टे पैसेही मागितले नाहीत.

आणि तो टेकतो. उभ्या माणसाजवळ येऊन हळूच कूस वळवायची आणि सगळं अंग त्याच्या मांडीवर सोडून द्यायचं, ही या जातीची खोडच आहे. त्यात प्रेम आहे याबद्दल वाद नाही. वाद भौतिकशास्त्राशी आहे. आईचं वजन 48 किलो. ती आता भैरू घरात असताना उभी राहून फोनवर बोलत नाही. पिल्लू असताना अंगावर उड्या मारणं, पट्टा ओढणं, बोटं तोंडात धरणं हे सगळं गोड दिसतं. त्याच वेळी ते मोडावं लागतं, कारण सहा महिन्यांनी मोडायला आपल्याला ताकद पुरत नाही.

राखण करतो का? भुंकतो. ते भुंकणं विहिरीत बादली पडल्यासारखं येतं आणि नवखा माणूस फाटकाबाहेरच थांबतो. पुढचं त्याला ठाऊक नसतं हे बरं. कारण भुंकून झालं की भैरू माझ्या मागं येऊन उभा राहतो. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब फुटला की हा आईच्या कॉटखाली जायला बघतो. डोकं आणि मान मावते, उरलेला कुत्रा बाहेर थरथरत राहतो.

निष्ठेचा विषय निघाला की आपल्याला युधिष्ठिराच्या मागं हिमालय चढणारं कुत्रं आठवतं. भैरूची निष्ठा बाथरूमपर्यंत जाते. मी आत, तो दाराला पाठ लावून बाहेर. दार उघडायचं तर आधी 62 किलो ढकलायचे. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडं टक लावून बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाची नाळ घट्ट करणारं तेच संप्रेरक. ते वाचल्यावर मला भैरूच्या बघण्याचा उलगडा झाला, पण सुटका झाली नाही. मी दोन दिवस गावाला गेलो तर तो जेवत नाही, फाटकाकडं तोंड करून पडून राहतो. एवढ्या मोठ्या कुत्र्याला ठेवून घेणारी जागा सापडत नाही आणि सापडली तरी हा तिथं खाणार नाही. परिणाम सांगतो: सख्ख्या मावसभावाच्या लग्नाला आम्ही दोन पाळ्यांत गेलो. बायको आणि मुलगी हळदीला, मी आणि आई अक्षतांना. लोक कुत्र्याच्या निष्ठेचे गोडवे गातात, पण ती निष्ठा पाळणाऱ्याला घरात बांधून घालते हे कुणी सांगत नाही.

माणसाला असं बांधून घालणारा या जातीचा सगळ्यात नामांकित कुत्रा दक्षिण आफ्रिकेत होऊन गेला. केपटाउनजवळच्या सायमन्स टाउनच्या नौदल तळावर खलाशांच्या मागं मागं फिरणारा हा ग्रेट डेन त्यांच्याबरोबर रेल्वेनं विनातिकीट प्रवास करायचा. रेल्वेनं तक्रार केली, कुत्र्याला ठार करण्याची धमकी दिली. नौदलानं 1939 च्या ऑगस्टमध्ये त्याला रीतसर भरतीच करून घेतलं, म्हणजे प्रवास फुकट. आडनाव 'न्यूसन्स', म्हणजे उपद्रव. पहिलं नाव रिकामं कसं सोडायचं म्हणून 'जस्ट', आणि व्यवसाय 'हाडं फोडणे'. 1944 साली त्याला लष्करी इतमामात पुरलं, आज गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे. ही गोष्ट मी पाहुण्यांना हमखास सांगतो. त्यात एक तपशील मी बरीच वर्षं गाळत होतो. तो गेला त्या दिवशी त्याचा सातवा वाढदिवस होता.

भैरू चार वर्षांचा असताना, भर पावसाळ्यात, रात्री साडेअकराला तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. बसायचा, लगेच उठायचा. ओकारीचे उमाळे येत होते पण बाहेर नुसता फेस. पोटावर हात ठेवला तर ढोलकीसारखं ताणलेलं. गाई-म्हशींची पोटफुगी आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे; कुत्र्यातली वेगळी. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यात गॅसनं फुगलेलं जठर पोटात झोका घेतं आणि स्वतःभोवती फिरतं. पीळ पडला की दोन्ही तोंडं बंद. वायू वाढतच जातो, मोठ्या शिरा दाबल्या जातात, हृदयाकडं रक्त परतत नाही. घरगुती उपाय नाही, सकाळपर्यंत थांबणं नाही. हातात काही तास असतात. ग्रेट डेन या दुखण्यात सगळ्यात पुढं.

त्या रात्री मला पहिल्यांदा समजलं की चालत असेपर्यंतच कुत्र्याचं वजन त्याचं असतं. तो गाडीपर्यंत चालेना. आईनं तिची वाकळ आणली, आम्ही भैरूला तिच्यावर सरकवलं आणि चौघांनी चार कोपरे धरले. मी, बायको, शेजारचे दोघं बापलेक. रात्री दोनला ऑपरेशन झालं. जठर सरळ केलं आणि पुन्हा फिरू नये म्हणून पोटाच्या आतल्या भिंतीला टाके घालून बांधलं. हे टाके निरोगी असताना, नसबंदीच्या वेळीच घालून घेता येतात, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. आणखी एक गोष्ट नंतर वाचली. एवढ्या उंच कुत्र्याला मान वाकवून खावं लागू नये म्हणून मी सुताराकडून त्याच्या ताटलीसाठी सागवानी स्टूल करून घेतलं होतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2000 साली उंचावरचं भांडं हे पोटफुगीचा धोका वाढवणाऱ्या कारणांत मोजलं होतं. नंतरच्या अभ्यासांत यावर एकमत राहिलेलं नाही, पण मी एकमताची वाट बघितली नाही. स्टूल बंबात गेलं.

आता तो चौथा प्रश्न: किती जगतं? सात ते दहा वर्षं. जगातला सगळ्यात उंच कुत्रा म्हणून गिनेस बुकात गेलेला झ्यूस, 111.8 सेंटिमीटर, तोही ग्रेट डेन. पाच वर्षांचा होऊन गेला. एरवी निसर्गात मोठा प्राणी जास्त जगतो, हत्ती उंदरापेक्षा. कुत्र्यांच्या जातीत उलटं. जर्मनीतल्या गटिंगेनच्या संशोधकांनी 2013 साली 74 जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अंगावरच्या दर दोन किलोंमागं साधारण एक महिना आयुष्य कमी होताना दिसलं. म्हातारपण मोठ्या कुत्र्यांना फारसं लवकर गाठत नाही, पण एकदा गाठलं की पळत सुटतं. पहिल्या वर्षातली ती घाई शेवटपर्यंत अंगात राहते की काय, असं मला वाटतं. भैरू आणि शेजारचा चार किलोंचा पॉमेरेनियन यांच्यात 58 किलोंचा फरक, म्हणजे 29 महिने. हा हिशेब मी एकदाच केला, डायरीच्या मागच्या पानावर, आणि ते पान उलटायचं टाळतो.

भैरू आता आठ वर्षांचा आहे. तोंड पांढरं झालंय, मागचे पाय ओढल्यासारखे पडतात. फाटकापर्यंत पाच पायऱ्या आहेत. पोटाखालून जुना पंचा घालून मी त्याचा मागचा भाग उचलून धरतो आणि आम्ही एकेक पायरी उतरतो. त्याला ते आवडत नाही. दर पायरीला वळून बघतो, जणू मीच त्याला धरून उतरतोय. सकाळची ती वेळ दूध यायची. परवा मामा मोटरसायकलवर बसल्या बसल्या बघत होते. मग स्टँड लावला, कॅन खाली ठेवला, आत आले आणि पंच्याचं दुसरं टोक हातात घेतलं. "एकट्यानं नगा वडू सायेब," म्हणाले, "कंबर धरंल." दोघांनी उरलेल्या तीन पायऱ्या त्याला उतरवला. खाली आल्यावर भैरूनं कूस वळवली आणि मामांच्या मांडीला टेकला. मामांनी एक हात फाटकाला धरला आणि तसेच उभे राहिले.