डॉक्टर कान यांनी पाहिलेले ठिपके

शार्लोट सालोमोनच्या चित्रांचं वेड मला फार जुनं. 'जीवन? की नाटक?' ही तिची सुमारे पावणेआठशे चित्रांची मालिका, लाल, पिवळा, निळा एवढ्याच रंगांतून उभी केलेली. तीत तिचे वडील 'डॉक्टर कान' या नावाने येतात. मी त्यांच्याकडे दुय्यम पात्र म्हणूनच पाहायचे. पुढे मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा, इतिहास धुंडाळताना अगदी सुरुवातीलाच त्यांचं खरं नाव भेटलं: अल्बर्ट सालोमोन, बर्लिन, १९१३.

क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम अठरा वर्षं झाली होती. सालोमोन सर्जन होते आणि त्यांचा प्रश्नही सर्जनचाच होता: कर्करोग नेमका कुठवर शिरलाय? शस्त्रक्रियेत काढलेले सुमारे तीन हजार स्तन त्यांनी तपासले. आधी एक्स-रे, मग तोच भाग चिरून सूक्ष्मदर्शकाखाली. चरबीतून किरण सहज पार होतात, गाठीत अडतात. एखादी गाठ रेखीव कडेची दिसे, तर एखादीचे तंतू मुळांसारखे आजूबाजूला घुसलेले. काही गाठींच्या मधोमध अगदी बारीक ठिपके होते. ते कॅल्शियमचे कण. सालोमोननी ते टिपले, पण त्यांचं मोल त्यांना उमगलं नाही. मिठाच्या बारीक कणांसारख्या या ठिपक्यांवरून कर्करोगाचा माग काढता येतो, हे माँटेव्हिडिओच्या राउल लेबोर्ने यांनी १९५१च्या सुमारास ठासून मांडलं. पुढे ह्यूस्टनचे रॉबर्ट ईगन यांनी मॅमोग्राफीचं तंत्र सुधारलं, आणि या तपासणीने जीव वाचतात का हे पाहणारी न्यूयॉर्कची मोठी चाचणी १९६३मध्ये सुरू झाली.

मला सालोमोन मोठे वाटतात ते छायाचित्र आणि पेशी शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याच्या शिस्तीमुळे. आजचं निदान त्याच शिस्तीवर उभं आहे. मॅमोग्राम संशय दाखवतो. कर्करोग आहे की नाही, हे सुईने काढलेला तुकडा पाहून पॅथॉलॉजिस्ट सांगतो. 'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' या भीतीपायी बायका महिनोन्महिने बायॉप्सी टाळतात, तेव्हा जीव तुटतो.

१९३३मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे सालोमोन यांचं विद्यापीठातलं पद गेलं. नोव्हेंबर १९३८मध्ये त्यांना पकडून झाक्सनहाउझनच्या छावणीत टाकलं. गायिका असलेल्या पत्नी पाउला यांनी खटपट करून त्यांना सोडवलं. शार्लोटला आजी-आजोबांकडे फ्रान्सला धाडलं, आणि हे दोघे नेदरलँड्सला निसटले, पुढे लपून जगले. शार्लोट वाचली नाही. ऑक्टोबर १९४३मध्ये आउश्वित्झला तिला मारलं. ती सव्वीस वर्षांची आणि गरोदर होती. युद्धानंतर, १९४७मध्ये, वडील आणि सावत्र आई पाउला यांच्या हाती तिची चित्रं आली. ती आज ॲमस्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

आजही हाताला न लागणारी, नुसत्या ठिपक्यांवरून सापडलेली जागा सर्जन काढतो, तेव्हा तो तुकडा आधी एक्स-रेखाली जातो. रेडिओलॉजिस्ट जुनी फिल्म शेजारी ठेवून ठिपके ताडून पाहतो: सगळे आलेत का, कडेला काही राहिलंय का? तोवर ती बाई टेबलावर भुलीखाली असते, आणि सर्जन टाके न घालता निरोपाची वाट पाहत असतो.