साय आत, दूध बाहेर

डेअरीवाल्याला मलई काढायचा सेपरेटर चांगलाच ओळखीचा. भांडं गरगर फिरतं, जड दूध कडेला जातं, हलकी साय मधोमध राहते. विजेच्या कणांचीही अशी साय निघते. ती काढणाऱ्या यंत्राचं नाव पेनिंग-माल्मबर्ग सापळा.

1975 मध्ये सॅन दिएगोत भौतिकशास्त्रज्ञ माल्मबर्ग आणि डिग्रासी यांनी त्यात निव्वळ इलेक्ट्रॉनांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा ढग, कोंडला. रचना साधी: निर्वात नळी, तिच्या लांबीला धरून चुंबकक्षेत्र, दोन्ही टोकांच्या कड्यांना ऋण व्होल्टेज. एकाच विद्युतभाराचे कण एकमेकांना रेटणारच. पण चुंबक तो रेटा आडवा वळवतो आणि अख्खी गर्दी अक्षाभोवती फिरू लागते. डेअरीत मोटर लागते, इथं ढकलाढकलच मोटर.

मला भुरळ पडते ती यापुढच्या हिशेबाची. भौतिकशास्त्रज्ञ टॉम ओनील यांनी 1980 मध्ये दाखवलं की आपसातल्या टकरींनी एकूण कोनीय संवेग बदलत नाही. म्हणून कणांच्या अक्षापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज जवळपास तेवढीच राहते. एक बाहेर सरकला तर दुसऱ्याला आत यावंच लागतं. गळती होते ती परक्यांमुळे, म्हणजे नळीत उरलेला वायू किंवा चुंबकाचा जरासा तिरपेपणा.

कण दोन जातींचे असले की अपकेंद्री बल जडांना जास्त ओढतं. जड बाहेर, म्हणून हलके आत, असं ओनील यांनी 1981 मध्ये मांडलं. अट एकच, प्लाझ्मा पुरेसा थंड हवा. नाहीतर उष्णतेची धावपळ सगळं पुन्हा कालवते. 1986 मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरला भौतिकशास्त्रज्ञ वाइनलँड यांच्या गटाला बेरिलियमचे आयन आत आणि पाऱ्याचे बाहेर दिसले.

सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या अल्फा प्रयोगात 2011 मध्ये हेच वेगळं होणं इलेक्ट्रॉन आणि प्रतिप्रोटॉन, म्हणजे ऋण भाराचे प्रोटॉनाचे जुळे, यांच्या बाबतीत पाहिलं गेलं. प्रतिप्रोटॉन इलेक्ट्रॉनांच्या 1836 पट जड. त्यांना गार करायलाच इलेक्ट्रॉन सोबत ठेवतात, आणि दोघे वेगळे झाले की ते गार करणंही मंदावतं. काम झालं की विजेचा क्षणभराचा झटका देतात. चपळ इलेक्ट्रॉन पळतात, प्रतिप्रोटॉन मागे राहतात. डेअरीवाला बघेल तर कपाळाला हात लावेल. इथं साय फेकतात आणि दूध जपतात!