कर्ज फिटेपर्यंत काच टिकेल का?

मागच्या बैठकीत शेवयांच्या यंत्रासाठी सौर पॅनेल घ्यायचं चाललं होतं. एका ताईंनी विचारलं, "कर्ज फिटेपर्यंत ही काच टिकेल का?" आम्हाला उत्तर देता आलं नाही, म्हणून माहिती काढली.

आपल्या शेजारी धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्यातली काही पॅनेल पातळ थराची आहेत. काचेवरचा हा थर केसाहून कितीतरी पातळ. ऊन पडलं की त्यात इलेक्ट्रॉन सुटतात. तारेपर्यंत पोचले तर वीज, वाटेत अडकले तर नुसती उष्णता.

यातलं बरंच काही सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात घडतं. तापल्या तव्यावरचा थेंब चर्र करून उडतो, मधलं दिसत नाही, तसंच. म्हणून शास्त्रज्ञ प्रकाशाचे दोन झोत सोडतात. पहिला इलेक्ट्रॉन सोडवतो, दुसरा जरा उशिरा जाऊन पाहतो. दुसऱ्याची वाट आरशाने ०.३ मिलिमीटर लांबवली, की बरोबर तेवढाच उशीर होतो. उशीर बदलत पुन्हा पुन्हा पाहिलं, की इलेक्ट्रॉन कधी अडकले ते कळतं आणि थर सुधारता येतो. याच युक्तीने रासायनिक क्रिया पाहिल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ साली नोबेल मिळालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी मोजमापं होतात.

आता ताईंचा प्रश्न. पातळ सिलिकॉनचं पॅनेल सुरुवातीच्या उन्हात थोडी ताकद गमावतं, मग स्थिरावतं. म्हणून सही करण्याआधी दुकानदाराला विचारू या: स्थिरावल्यावर वीज किती? हमी किती वर्षांची? दोन्ही लेखी घेऊ या.