पुंगळीचं पितळ

दिवस मावळला तरी आम्ही तीसेक पोरं गवतात रांगत होतो. साल 1965. एनसीसी तेव्हा कॉलेजात सक्तीची होती आणि त्या दिवशी थ्री-नॉट-थ्रीचा सराव झाला होता. झाडलेल्या गोळ्या आणि जमा झालेल्या पुंगळ्या यांचा हिशेब एकाने चुकत होता. ‘एक खोका कम है,’ एवढंच सुभेदारसाहेब पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी ती पुंगळी माझ्याच हाताला लागली. बुडावर ‘के एफ’ ही खडकी कारखान्याची अक्षरं होती आणि मानेजवळ निळसर-तपकिरी झाक होती. हा डाग कशाचा, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘पुसून टाक.’ तो पुसला जाईना. पुढे मी धातुशास्त्राकडे वळलो, ते त्या डागामुळे.

गेली कित्येक वर्षं दिवाळी अंकांतून धातूंवर लिहितो आहे. डोक्यात घोळत राहिलेला हा विषय मात्र राहूनच गेला होता : झाडून झालेल्या पुंगळ्या पुन्हा भराव्यात, की मोडीत घालाव्यात?

आमच्यातल्या काही जाणकारांचं मत ठरलेलं आहे. पितळ ते पितळ, 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, वितळवा आणि मोकळे व्हा. हे मला कधीच पटलेलं नाही. पत्र्याची चकती कापतात, तिची वाटी करतात, वाटी ओढत ओढत नळी होते आणि दोन ओढींच्या मध्ये तिला भट्टी दाखवावी लागते. एवढं करून जी वस्तू हाती येते तिचं बूड कडक आणि तोंड मऊ असतं. बुडाला स्फोटाचा दाब सोसायचा असतो, तोंडाला क्षणभर फुगून बंदुकीच्या पोकळीला घट्ट बसायचं असतं. एकाच तुकड्यात दोन स्वभाव! मोडीच्या दुकानात तिचं वजन होतं, घडणीचा पैसा कोणी देत नाही. शिवाय पितळ साधारण 915 अंशांपासून वितळू लागतं आणि जस्त 907 ला उकळतं. म्हणजे मुशीत रस होतो न होतो तोच जस्त पांढरा धूर होऊन निघून जाऊ लागतं. दर वितळणीला वरून जस्त घालावं लागतं, हे वितळवणाऱ्यांनी तरी विसरू नये. एखादं न उडालेलं काडतूस मुशीत गेलं तर काय होतं, तेही त्यांना ठाऊक असतं.

युद्धकाळातल्या मोडीच्या गोष्टी सर्वांनी लिहून झाल्या आहेत, म्हणून भरभर सांगतो. तांबं दारूगोळ्याकडे वळवल्यामुळे अमेरिकेने 1943 साली पोलादाचा सेंट पाडला आणि 1944 ते 1946 या वर्षांत पुंगळ्यांचं पितळ वापरून पुन्हा तांबूस सेंट काढले. आपल्याकडचा भोकाचा पैसाही 1943 चाच, धातू वाचवण्यासाठी काढलेला. 1914 च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना भेटी गेल्या, त्यांतल्या काहींत थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीत बसवलेली पेन्सिल होती.

पुन्हा भरण्याचा इतिहास याहून रसाळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी सैन्याच्या दूरदूरच्या ठाण्यांवर .45-70 च्या पुंगळ्या सरावासाठी पुन्हा भरल्या जात. मग बिनधुराची दारू आली आणि पितळ ठिसूळ होऊ लागलं. दोष पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या पाऱ्याचा होता. काळ्या दारूची दाट काजळी तो पारा पोटात घेत असे. नव्या दारूची राख इतकी थोडी की पारा थेट पितळाला भिडला. शेवटी टोपीतलं रसायनच बदलावं लागलं.

ऐरणीची गोष्टही इथेच सांगायला हवी. टोपीवर ठोका पडला की आतला मसाला चिरडायला खाली ऐरण लागते. वूलिचच्या शस्त्रागारातल्या बॉक्सर या इंग्रजाने ती टोपीतच बसवली. पुंगळीच्या मधोमध एक भोक राहिलं, त्यातून कांडी घातली की जळकी टोपी खाली पडते. अमेरिकेच्या हायरम बर्डनने ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवली आणि बाजूंना दोन बारीक भोकं ठेवली. तिथे कांडी चालत नाही. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाची रीत उचलली आणि ब्रिटिश थ्री-नॉट-थ्रीने अमेरिकनाची. आपल्याकडे खडकीत 1869 पासून काडतुसांचा कारखाना आहे, तरी पुन्हा भरण्याची विद्या रुजली नाही, याचं एक कारण ही दोन भोकं आहेत. दुसरं कारण कायदा.

आता माझ्या आवडीचा भाग. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडं पडलं. पावसाळ्यात पागांमधून ठेवलेली काडतुसं कोरड्या दिवसांत बाहेर काढावीत, तर मानेवर उभ्या चिरा! न झाडलेल्या, कोऱ्या काडतुसांवर. कोणी पितळाला दोष दिला, कोणी हवेला. ‘पावसाने पितळ सडतं’ हे वाक्य मी आजही शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकतो आणि दर वेळी भांडतो. पितळ सडत नाही. पागेत घोड्यांच्या मुताचा अमोनिया असतो. कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा नाकात जाणारा दर्प त्याच कुळातला. पण एकटा अमोनिया चीर पाडत नाही. ओढून घडवलेल्या पितळात ताण कोंडलेला असतो. ताण, अमोनिया आणि ओल हे तिघं एकत्र आले की चीर पडते. वूलिचचे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये हे नीट मांडलं. उपायही साधाच होता : अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास ऊब द्यायची. ताण उतरतो, कडकपणा राहतो.

मानेवरच्या त्या निळसर डागाचा अर्थही इथेच लागतो. मान मऊ करण्यासाठी दिलेल्या आचेची ती खूण. बाजारासाठी काडतुसं करणारे बहुधा ती घासून चकचकीत करतात, सैन्याच्या मालावर ती तशीच राहू देतात, म्हणजे काम झालंय हे डोळ्यांना दिसतं.

पुंगळी पुन्हा भरणाऱ्याला हेच सगळं हाताने करावं लागतं. दर बाराला मान फुगते, साच्यात ती परत आवळली जाते आणि या ओढाताणीत पितळ कडक होत जातं. वेळेवर आच दिली नाही तर मान चिरते. आच बुडापर्यंत पोचली तर बूड मऊ पडतं, आणि अशी पुंगळी बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर फाटू शकते. म्हणून बूड पाण्यात ठेवून फक्त मान तापवण्याची जुनी रीत. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळ्या बुडाच्या थोड्या वर ताणून पातळ होतात, तिथे बाहेरून चकाकती कडी दिसते. टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून फिरवली की खाच हाताला कळते. खाच लागली की ती पुंगळी खुशाल मोडीत घालावी. मी मोडीच्या विरुद्ध नाही, न पाहता मोडीत घालण्याच्या विरुद्ध आहे.

मार्च 2009 मध्ये अमेरिकेत नेमकं हेच घडू घातलं होतं. सैन्याच्या वापरलेल्या पुंगळ्या यापुढे चेचूनच विकायच्या, असा फतवा निघाला. त्या विकत घेऊन पुन्हा भरणाऱ्यांचा धंदाच बसणार होता. मोंटानाच्या मॅक्स बॉकस आणि जॉन टेस्टर या सिनेटरांनी आवाज उठवला आणि थोड्याच दिवसांत तो निर्णय मागे घेतला गेला. पुंगळीच्या घडणीसाठी दोन सिनेटर उभे राहिले, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आपल्याकडे तेवढी आस्था कुणाला आहे? मी शिकवत होतो तिथे दर पावसाळ्यात एक प्रयोग करायचो. एकाच ओढीच्या दोन पितळी नळ्या घ्यायच्या. एक तशीच ठेवायची, दुसरीला ऊब द्यायची, आणि दोन्ही काचेच्या बरणीत अमोनियाच्या वाटीवर रात्रभर टांगायच्या. मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच वर्षी तो प्रयोग अभ्यासक्रमातून गेला. आता चिरेचं चित्र पडद्यावर दाखवतात. अशी मुलं उद्या कारखान्यात उभी राहणार, पितळ तपासणार, आणि चिरेवरून बोट फिरवलेलं त्यांच्यात कुणी नसणार. याचं मला मनापासून दुःख आहे.

यंदा जुलैत तो प्रयोग मी घरीच मांडला, गॅलरीत. सकाळी नातीने नळ्या धुऊन हातात घेतल्या आणि पहिलीवरून नख फिरवलं. ते मध्येच अडकलं. दुसरीवरून सरळ खाली आलं. मग दुसरी उजेडात धरून ती म्हणाली, “आजोबा, हिच्यावर डाग आहे. पुसू?”

“नको,” म्हटलं. “बस इथे. आधी तो कशाचा, ते सांगतो.”