अश्वशक्तीचा आकडा आणि गाडीची ओढ

मोटारीचा मोठेपणा अश्वशक्तीत मोजायची रीत आहे, पण भरलेली गाडी चढावर ओढते ती इंजिनाच्या टॉर्कवर. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. त्याला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले की शक्ती निघते. म्हणून ‘40 अश्वशक्ती’ एवढेच सांगितल्याने काही कळत नाही. ती किती फेऱ्यांवर मिळते, हा खरा प्रश्न.

नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर याचे उत्तर जीपने दिले. महिंद्र कंपनीने 1947 मध्ये मुंबईत विलिज जीपची जोडणी सुरू केली. तेव्हाच्या या जीपचे इंजिन 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे होते. पण त्याचा 142 न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क अवघ्या 2000 फेऱ्यांवर मिळे. गणित केले तर एवढ्या सावकाश फिरतानाही इंजिन 40 अश्वशक्ती देत होते. पुढे कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला तेवढ्याच शक्तीसाठी सुमारे 4800 फेऱ्या लागत.

अमेरिकी लष्करासाठी बनलेल्या जीपच्या जन्माचे श्रेय बँटम कंपनीसाठी आराखडा काढणाऱ्या कार्ल प्रोब्स्टला मिळते, आणि ते रास्तही आहे. मात्र विलिजचा अभियंता बार्नी रूस याचे नाव क्वचितच निघते. मूळ 48 अश्वशक्तीचे इंजिन साठापर्यंत त्याने नेले. अमेरिकी लष्कराची वजनाची मर्यादा होती 980 किलो आणि विलिजची गाडी शंभराहून अधिक किलोंनी जड. हलके इंजिन बसवणे सोपे होते. रूसने आपले जोरदार इंजिन तसेच ठेवले आणि बाकीच्या गाडीला कात्री लावली. बोल्ट आखूड केले, जादा पत्रा छाटला, रंगाचाही एकच हात दिला! या हट्टाची फळे पुढची कित्येक दशके खेड्यापाड्यांनी चाखली.

टॉर्क चाकापर्यंत पोचताना गिअर त्याला आणखी वाढवतात. सुरुवातीच्या नागरी जीपमध्ये ‘लो’ ही जादा संथ गिअरजोडी टाकून पहिला गिअर घातला की इंजिनाच्या सुमारे 37 फेऱ्यांत चाकाची एक फेरी होई. वेग जाई, जोर मिळे. तरी नुसता जोर पुरत नाही. मराठवाड्यातली काळी माती पाण्याने फुगते, निसरडी होते. तिच्यात दोनच चाकांवर सगळा जोर आला की ती जागच्या जागी फिरून खड्डा करतात. चारही चाकांना जोर वाटला की पकड टिकते. पुढे पेट्रोलच्या खर्चामुळे डिझेल इंजिने आली. महिंद्रच्या गाड्यांत प्यूजोच्या बनावटीचे 2112 सीसीचे इंजिन बसले आणि माणसांनी खच्चून भरलेली काळी-पिवळी जीप तालुक्याच्या रस्त्यांवर रोजची झाली. तिच्यात आराम नावाला नव्हता.

पद्मिनीचे देखणेपण निराळे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने फियाट 1100 कुर्ल्यात बनवली आणि 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. वेगळी जड चौकट न ठेवता बॉडीलाच भार पेलायला लावल्याने वजन 900 किलोच्या आत राहिले. म्हणून 1089 सीसीचे छोटे इंजिन शहरात चपळ वाटे. बालाघाटच्या चढावर मात्र स्टिअरिंगशेजारचा दांडा खाली-वर करत गिअर उतरवावाच लागे.

2001 मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडा ऑक्टेव्हियाची जोडणी सुरू झाली. तिच्या 1.9 लिटर डिझेल इंजिनाची शक्ती 90 अश्वशक्तीच, पण टर्बो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर हवा कोंबत असल्याने 1900 फेऱ्यांवरच 210 न्यूटन-मीटर टॉर्क मिळे. जीपची ओढ आणि महामार्गावरचा वेग तिच्यात एकत्र आले. वेगाची किंमत मात्र हवा वसूल करते: ताशी 60 वरून 120 किलोमीटरवर जाताना हवेला तोंड द्यायला आठपट शक्ती लागते. त्यासाठीच गाडीला निमुळता आकार हवा. जीपची उभी काच इथे हरते.

2010 मध्ये औरंगाबादेत एकाच दिवशी 150 मर्सिडीज विकत घेतल्या गेल्या आणि त्याचा देशभर गाजावाजा झाला. ती बातमी संपत्तीची होती, यंत्राची नव्हे. नवी गाडी घेणाऱ्याने माहितीपत्रकात अश्वशक्तीच्या खालची ओळ आधी वाचावी: कमाल टॉर्क किती, आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो.