फौजेच्या मदतीला विमान कोणते?

माल पोचविण्यासाठी गाडी घेताना आपले व्यापारी बंधू तिचा जास्तीत जास्त वेग विचारीत नाहीत. रस्ता कसला आहे, वजन किती भरणार, डिझेल किती खाणार आणि वाटेत बिघडली तर मिस्त्री मिळेल काय, हे आधी विचारतात. जमिनीवर लढणाऱ्या फौजेला वरून मदत करणारे विमान निवडतानाही हिशेब जवळजवळ असाच असतो. फरक इतकाच, की येथे हिशेब चुकला तर नुकसान पैशात भरून निघत नाही. आपली आणि शत्रूची माणसे काही शे मीटरच्या अंतरावर असतात आणि नेम जरा हुकला तर बॉम्ब आपल्याच माणसांवर पडतो.

या कामासाठीच घडविलेले विमान म्हणजे अमेरिकेचे ए-१०. त्याचे पहिले उड्डाण १९७२ साली झाले आणि १९७३ मध्ये नॉर्थरॉप कंपनीच्या नमुन्याला मागे सारून त्याची निवड झाली. हे विमान दिसायला ओबडधोबड आणि वेगाने संथ आहे, पण संथ असल्यामुळेच वैमानिकाला खालचे नीट पाहता येते आणि रणांगणावर बराच वेळ घिरट्या घालता येतात. वैमानिकाभोवती टायटॅनियमचे कवच आहे. इंजिने मागे उंचावर बसविली आहेत, त्यामुळे कच्च्या धावपट्टीवरची धूळ व खडे आत जात नाहीत. आपल्या कारागिरांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याचे पुष्कळ सुटे भाग डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना चालतात, म्हणजे गोदामात अर्धाच माल ठेवून काम भागते. मात्र शत्रूजवळ चांगली क्षेपणास्त्रे असतील तर हाच संथपणा अंगाशी येतो. म्हणून अमेरिकी हवाई दल त्याला निवृत्त करू पाहत राहिले आणि तेथील संसद वर्षानुवर्षे अडवीत राहिली.

आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातील लोंगेवाला चौकीवर सुमारे १२० जवान रणगाड्यांच्या हल्ल्यात सापडले. जैसलमेरची हंटर विमाने जुन्या ब्रिटिश बनावटीची होती आणि त्यांना रात्री लढता येत नव्हते. जवानांनी रात्र कशीबशी काढली. उजाडताच हंटर आली आणि उघड्या वाळूत लपायला जागा नसलेले रणगाडे एकेक करून टिपले गेले. समोर शत्रूची विमाने नव्हती, त्यामुळे जुनाट विमान पुरेसे ठरले.

कारगिलमध्ये मात्र बाजार उलटा झाला. २६ मे १९९९ रोजी हवाई हल्ले सुरू झाले. शत्रूची ठाणी सोळा ते अठरा हजार फुटांवर, डोंगराच्या कपारीत होती आणि नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा आमच्या हवाई दलाला हुकूम होता. २७ मे रोजी एका मिग-२७ चे इंजिन हल्ला करतानाच बंद पडले आणि एक मिग-२१ क्षेपणास्त्राने पडले. २८ मे रोजी एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले गेले, त्यात चौघे गेले. यातील मिग-२७ हे नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार होत असे आणि ते मुळात जमिनीवर मारा करण्यासाठीच होते! पण विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, हेलिकॉप्टरला वजन पेलत नाही, आणि सपाटीवर बसविलेला बॉम्ब-रॉकेटचा नेम तेथे लागू पडत नाही. एमआय-३५ हे खास लढाऊ हेलिकॉप्टर तर त्या उंचीवर काम करूच शकले नाही.

मग काम कोणी केले? फ्रान्सकडून घेतलेल्या मिराज-२००० ने. त्याला घाईघाईने इस्रायली लेसर उपकरण जोडण्यात आले. क्षेपणास्त्राच्या टप्प्याबाहेर उंचावर राहून लेसरचा किरण दाखवील तेथे बॉम्ब टाकायचा, अशी ही पद्धत. २४ जूनला टायगर हिलवर असे बॉम्ब पडले. हे महाग बॉम्ब मोजकेच खर्चिले गेले. मुंथो धालो येथील रसदीच्या तळावर १७ जूनला साधेच बॉम्ब टाकून काम झाले. ही किफायत लक्षात घेण्यासारखी आहे.

त्या उन्हाळ्याचा धडा घेऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्सने हलके लढाऊ हेलिकॉप्टर रचले. वजन सुमारे ५.८ टन, दोन इंजिने, पुढे २० मिलिमीटरची तोफ, आणि मुख्य म्हणजे ५,००० मीटर उंचीवर उतरून पुन्हा उडण्याची ताकद. पहिले उड्डाण २०१० मध्ये झाले आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला ते ‘प्रचंड’ या नावाने हवाई दलात आले. म्हणजे गरज कळल्यापासून माल हाती यायला तेवीस वर्षे लागली.

मार्च २०२५ मध्ये सरकारने अशा १५६ हेलिकॉप्टरांचा करार केला. ९० लष्कराला, ६६ हवाई दलाला, आणि किंमत करांखेरीज सुमारे ६२,७०० कोटी रुपये. जुळणी कर्नाटकात होणार असली तरी सरकारच्या म्हणण्याप्रमाणे या कामात अडीचशेहून अधिक देशी कंपन्या असतील आणि त्यांतील बहुतेक लहान व मध्यम उद्योग आहेत. लेथ आणि मिलिंगवर हुनर असलेल्या आपल्या बंधूंना थेट नव्हे, तर अशा पुरवठादारांच्या हाताखाली काम मिळू शकते. मात्र तेथे प्रत्येक नगाबरोबर धातू कोठून आला, कोणत्या मशीनवर कापला आणि कोणी तपासला याचा कागद द्यावा लागतो.